अदृश्य विद्युत्-आघात आणि गृहस्थाची सिद्धता

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्त्यांनी शिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च, शिष्यवृत्ती फंड अशा विषयांवर आपणांस मार्गदर्शन केले आहे. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलेले. अडतीस वर्षे रायगड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत खडू झिजविला, एवढीच आमची शिदोरी. असे असता चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले आणि विषयही आमच्याच मर्जीवर सोपविला, हा त्यांचा लोभ होय. विषय ऐकून काहींना हसू येईल. तरी शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, मग हसावे, इतकीच विनंती.

आपल्यापैकी पुष्कळांच्या भ्रमणध्वनीवर मध्यंतरी एक संदेश आला होता. शत्रू आकाशात विजेचा बाँब फोडणार, त्याने माणसे जागच्या जागी करपणार, विहिरींचे पाणी विषारी होणार, असा त्यातील मजकूर. आमच्या नातीने तो वाचला आणि दोन रात्री ती नीट झोपली नाही. तिला समजावून सांगण्यासाठी आम्ही पुस्तके चाळली, जाणत्यांस विचारले. त्यातून जे हाती लागले तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत. त्या संदेशातील भीती खोटी होती, परंतु तिच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र खरी आहे.

प्रथम ही गोष्ट काय ती पाहू. शास्त्रज्ञ तीस विद्युतचुंबकीय स्पंद म्हणतात, ई.एम.पी. ही तिची आद्याक्षरे. पृथ्वीपासून सुमारे 30 किलोमीटरांहून अधिक उंचीवर अण्वस्त्राचा स्फोट झाला, म्हणजे त्यातून निघणारे गॅमा किरण वरच्या विरळ हवेतील कणांवर आदळतात आणि त्यांतील इलेक्ट्रॉन सुटे करतात. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे हे आपण शाळेत शिकलो. या चुंबकाच्या प्रभावाने ते इलेक्ट्रॉन वळतात आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत एक प्रचंड विद्युत्-लहर खाली भूमीवर येते. स्फोट जितका उंच, तितका त्याच्या टापूतील प्रदेश विस्तीर्ण. ही लहर माणसाच्या शरीरास जाळीत नाही व विहिरीच्या पाण्यासही काही करीत नाही. ती तारांत शिरते. विजेच्या तारा, दूरध्वनीच्या तारा आणि हल्लीच्या यंत्रांतील केसाहून बारीक जोडण्या यांत ती अकस्मात दाब उत्पन्न करते.

कोकणातल्या मंडळींस याचा दाखला देण्यास दूर जावयास नको. शेजारच्या वाडीत माडावर वीज पडते आणि आपल्या घरातला दूरदर्शन संच जळतो. आपल्या घरावर वीज पडलेली नसते, ती तारेवाटे आलेली असते. एका वाडीऐवजी सबंध देशाच्या तारांत एकाच क्षणी असे घडले तर काय होईल, याची कल्पना करावी.

हे कोणी कादंबरीत रचलेले नाही. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावरून अग्निबाण सोडून 400 किलोमीटर उंचीवर 1.4 मेगाटन शक्तीचा अणुस्फोट केला. त्या चाचणीचे नाव स्टारफिश प्राइम. तेथून सुमारे 1,450 किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांत त्या रात्री रस्त्यावरील सुमारे 300 दिवे विझले, चोरांची सूचना देणाऱ्या घंटा आपोआप वाजू लागल्या आणि दूरध्वनीचा एक दुवा तुटला. त्याच वर्षी 22 ऑक्टोबरला रशियाने कझाकस्तानवर अशीच चाचणी केली. तिने शेकडो किलोमीटर लांबीची दूरध्वनीची तार निकामी झाली आणि जमिनीत पुरलेल्या वीजवाहिनीसही तडाखा बसला. आम्ही तेव्हा चार वर्षांचे होतो आणि आमच्या गावात विजेचा खांब नव्हता. ती लहर आमच्या गावावर आली असती तरी आमच्या मातोश्रींस तिचा पत्ताही लागला नसता. हे वाक्य ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

पंडित नेहरूंनी 2 एप्रिल 1954 रोजी लोकसभेत अणुचाचण्या थांबविण्याचे आवाहन केले होते. पुढे 1963 च्या करारान्वये वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली चाचण्या करण्यास बंदी झाली आणि भारतानेही त्यावर सही केली. आजवर कोणत्याही राष्ट्राने युद्धात हे अस्त्र वापरलेले नाही. ते उद्याच वापरले जाईल असे म्हणणारा जितका अविचारी, तितकाच ते कधीच वापरले जाणार नाही अशी ग्वाही देणारा. हा निवाडा सरकारांच्या हाती आहे, आपल्या हाती नाही.

परंतु एक आघात असा आहे की तो करण्यास शत्रू लागत नाही. तो सूर्यनारायण करतो. सूर्याच्या पृष्ठभागावर प्रचंड उद्रेक होतात आणि विद्युत्-भारित कणांचे लोट पृथ्वीच्या दिशेने आले की आपले चुंबकीय क्षेत्र डळमळते. त्यास चुंबकीय वादळ म्हणतात. 1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमधील ज्योतिषी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर असा उद्रेक डोळ्यांनी पाहिला. सुमारे साडेसतरा तासांत ते वादळ पृथ्वीवर आले. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तारमास्तरांस झटके बसले. काही तारा तर बॅटरी काढून घेतल्यावरही नुसत्या त्या आकाशीच्या विजेवर चालल्या.

आता अभिमानाची गोष्ट सांगतो. या वादळाची अत्यंत मोलाची नोंद आपल्या मुंबईत झाली. कुलाब्याच्या वेधशाळेत 2 सप्टेंबर 1859 रोजी निरीक्षक डोळ्यांनी उपकरण वाचून आकडे वहीत उतरवीत होते. चुंबकीय क्षेत्राचा आडवा जोर त्या दिवशी सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी उतरल्याचे त्यांनी लिहून ठेवले. त्यानंतर 144 वर्षांनी, 2003 साली, त्या नोंदींवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले व जगास त्या वादळाचा जोर कळला. त्या संशोधकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे डॉ. लखिनाही होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरताच त्यांच्या विजेने मोजमापे बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागेस आणण्यात आली. डॉ. मूस हे कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. हे स्थलांतर त्यांच्याच कारकिर्दीत झाले. अलिबागेस असताना आम्ही मुलांना त्या वेधशाळेच्या आवारापर्यंत नेत असू आणि सांगत असू की, मुलांनो, हस्ताक्षर नीटनेटके ठेवा. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांचे अक्षर कोणास लागले नसते तर हे ज्ञान बुडाले असते.

1859 मध्ये बिघडायला फक्त तारयंत्रे होती. 13 मार्च 1989 रोजी, त्याहून पुष्कळ सौम्य अशा वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. आपला देश विषुववृत्ताकडे असल्याने सूर्याच्या वादळांचा जाच आपणांस उत्तरेकडील देशांहून कमी होतो, ही समाधानाची बाब. 2 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे कुलाब्याच्या त्या नोंदीच्याच तारखेस, आपल्या देशाने सूर्याचा अभ्यास करण्यासाठी आदित्य-एल 1 हे यान सोडले, हीदेखील समाधानाचीच बाब. सूर्याचे वादळ काही तास तरी आधी कळू शकते. अस्त्राचा आघात मात्र न सांगता येतो.

येथवर आम्ही पुस्तकातले सांगितले. आता घरचे सांगतो.

3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. आपल्यापैकी श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग, दापोलीकडील मंडळींस त्याचे वर्णन सांगावयास नको. आमच्या घराची अर्धी कौले उडाली, वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी भ्रमणध्वनी मुके झाले. आमच्या वाडीत पुन्हा दिवा लागला तो सव्विसाव्या दिवशी.

घरात आम्ही तिघे : आम्ही, आमचे कुटुंब आणि आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींचे वय पंचाहत्तर, मधुमेह जुना, दिवसातून दोन वेळा इन्सुलिन. शीतकपाट बंद पडले. औषधाची एक कुपी वापरात होती, शिल्लक काही नव्हती. चिरंजीव ठाण्यास. त्यांस कळवावे तर यंत्र मुके. चौथ्या दिवशी बंदरावरचा एक कोळी तरुण, आमचा जुना विद्यार्थी, मोटारसायकलवरून जेथे संपर्क मिळतो अशा गावी निघाला होता. तो दारात येऊन म्हणाला, "गुरुजी, दादांचा नंबर द्या, मी कळवतो." आणि श्रोतेहो, तो क्रमांक आम्हांस सांगता येईना! ज्याने अडतीस वर्षे मुलांकडून तिसापर्यंत पाढे पाठ करून घेतले, त्यास स्वतःच्या मुलाचे दहा आकडे पाठ नव्हते. ते सर्व त्या विझलेल्या यंत्राच्या पोटात होते. आयुष्यात इतकी शरम आम्हांस क्वचित वाटली असेल.

तेव्हा आमच्या कुटुंबास आठवण झाली ती आपल्या मंडळाने पूर्वी छापलेल्या कुटुंब-परिचय पुस्तिकेची. ट्रंकेच्या तळाशी ती होती, कडा भिजलेल्या. तीत चिरंजीवांचा क्रमांक जुना, बदललेला. परंतु आमच्या व्याह्यांच्या घरचा दूरध्वनी क्रमांक होता आणि तो चालू होता. त्या तरुणाने निरोप दिला : सर्व सुखरूप, वहिनींचे इन्सुलिन पाठवावे. चार दिवस आमच्या सूनबाईंनी आणि नातीने अन्न गोड करून घेतले नव्हते, असे मागाहून कळले. सातव्या दिवशी मदतीचे सामान आणणाऱ्या एका गाडीतून, बर्फ घातलेल्या थर्मासात औषध आले. तोवर ती एक कुपी आशाताईंच्या सांगण्यावरून आम्ही पाण्याने भिजविलेल्या मडक्यात, घरातील सर्वांत गार कोपऱ्यात ठेवली होती.

त्या सात दिवसांत वहिनींइतके शांत घरात कोणी नव्हते. एके रात्री आम्ही अंधाराबद्दल कुरकुर करू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा गावात वीज कुठे होती? घर काय चालत नव्हते?" आम्ही म्हणालो, "वहिनी, तेव्हा विहिरीवर रहाट होता, माळ्यावर कंदील होते, माजघरात पाटा होता. आता आपण ते सारे मोडीत घातले." त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "मग ती चूक विजेची नाही, आपली आहे."

बंधु-भगिनींनो, आम्हांस जे सांगावयाचे ते वहिनींनी एका वाक्यात सांगितले आहे. वीज नको असे आमचे म्हणणे नाही. पूर्वीच्या काळी मधुमेहाने माणसे तरुणपणीच जात, आणि त्या काळात परत जावे असे कोणता शहाणा म्हणेल? परंतु नवे घरात आणताना जुन्यातले जे अडीअडचणीस उपयोगी तेही आपण फेकून दिले. 1962 मध्ये आमच्या मातोश्रींस ज्या आघाताचा पत्ताही लागला नसता, तोच आघात आज आपले घर चोवीस तासांत लुळे करील.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. त्या वादळात अंधार आमच्या किनाऱ्यापुरता होता. ठाण्यास दिवे होते, औषधाची दुकाने उघडी होती, म्हणून औषध आले. 31 जुलै 2012 रोजी ना युद्ध होते ना वादळ, तरी वीजयंत्रणेवरील भार न पेलून उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील सुमारे 60 कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. तो काही तासांत सावरला, कारण यंत्रे शाबूत होती. यंत्रेच जळाली, मोठी रोहित्रे निकामी झाली, तर ती नव्याने घडवून बसविण्यास महिन्यांचा काळ लागतो. त्या वेळी ठाण्याकडे डोळे लावण्यात अर्थ नाही, कारण ठाणेही आपल्याकडेच डोळे लावून बसलेले असेल.

तर गृहस्थाने काय करावे? आपल्या आजीपणजी अगोटीची बेगमी करीत. मृगापूर्वी तांदूळ, डाळ, मीठ, सुकी मासळी, सरपण घरात भरून ठेवीत. त्यांस कोणी भित्र्या म्हटले नाही. आम्ही सांगतो ती तीच अगोट आहे.

प्रथम पाणी. पिण्यास व स्वयंपाकास माणशी रोज 4 लिटर धरावे. पाच माणसांच्या घरास सात दिवसांस 140 लिटर लागतात. इतके पाणी झाकणाच्या पिंपात असावे व ते वरचेवर बदलावे. शहरात इमारतीचा पंप बंद पडला की वरच्या मजल्यांस पाणी नाही, हे दादर-डोंबिवलीकरांनी विसरू नये. गावाकडे विहिरीस रहाट, दोर व पोहरा असावाच. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून पाणी उकळून प्यावे.

दुसरे अन्न व अग्नी. पंधरा दिवसांचा शिधा, त्यात न शिजविता खाण्याजोगे पोहे, गूळ, शेंगदाणे, सातूचे पीठ असावे. विजेची शेगडी एकटी असू नये. एक भरलेले गॅसचे नळकांडे शिलकीत व काडेपेट्या कोरड्या डब्यात असाव्यात. रॉकेल सांप्रत दुर्मिळ झाले आहे, तेव्हा तेलाची समई व पणती हाच आधार. परंतु पडद्यापासून दूर आणि लेकरांच्या हाताबाहेर.

तिसरे औषध. नित्याचे औषध असणाऱ्यांनी एका महिन्याचा साठा ठेवावा. वापरात घेतलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन 25 ते 30 अंश उष्णतेच्या आत सुमारे चार आठवडे चालते. तथापि आपल्या औषधाविषयी आपल्या डॉक्टरांस विचारून ते वहीत लिहून ठेवावे. भिजलेले मडके कोरड्या हवेत उत्तम गारवा देते, पावसाळ्यात कमी देते, हेही अनुभवाने सांगतो.

चौथे वार्ता. सेलवर चालणारा लहान रेडिओ व एक बॅटरी घ्यावी, सेल काढून निराळे ठेवावेत. ही दोन्ही कोरड्या पुठ्ठ्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात अशी ठेवावीत की धातूस त्यांचा स्पर्श होणार नाही. फॅरडे या शास्त्रज्ञाने 1836 मध्ये दाखविले की चहूंकडून धातूने वेढलेल्या जागेत बाहेरची वीज शिरत नाही. झाकणाच्या कडेचा रंग खरवडून पत्र्यास पत्रा भिडू द्यावा. फराळाचा जुना डबा यास पुरतो. ही पूर्ण खात्री नव्हे, परंतु यास पैही लागत नाही. आकाशवाणीचे एखादे केंद्र चालू राहिले तर खरी बातमी त्यावर मिळेल.

पाचवे, थोडी रोकड, तीही लहान नोटांत. कारण त्या दिवशी यंत्रावरून पैसे देता येणार नाहीत. आणि सहावे, सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाचे : एक वही. तीत आप्तांचे क्रमांक व पत्ते, प्रत्येकाचा रक्तगट, औषधांची नावे, बँकेच्या खात्यांचे आकडे शाईने लिहावेत. दोन क्रमांक तर लेकरांकडून पाठच करून घ्यावेत.

काय करू नये तेही सांगतो. भीती दाखवून महागडी यंत्रे विकणारे येतील, त्यांच्या नादी लागू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी अथवा जनित्र लावू नये. त्याच्या विषारी वायूस वास नसतो आणि तो झोपेत प्राण घेतो. आणि खात्री केल्यावाचून एकही संदेश पुढे पाठवू नये. आमच्या नातीची झोप कोणा शत्रूने नव्हे, कोणा ओळखीच्याच माणसाने उडविली होती.

आता मंडळापुढे दोन मागण्या ठेवतो. पहिली : कुटुंब-परिचय पुस्तिका छापणे खर्चाचे म्हणून बंद झाले आणि ती माहिती भ्रमणध्वनीवर आली. ती तेथे अवश्य असावी. परंतु दर तीन वर्षांनी ती कागदावरही छापावी. त्या निधीसाठी आम्ही आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. दुसरी : त्या पुस्तिकेचे शेवटचे पान कोरे ठेवावे आणि त्यावर प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरालगतच्या दहा घरांची नावे लिहावीत, मग ती कोणत्याही ज्ञातीची असोत. पुस्तिका आपल्या ज्ञातीची होती हे खरे. परंतु ती उघडून निरोप घेऊन गेला तो तरुण आपल्या ज्ञातीचा नव्हता. ज्ञातीने क्रमांक जपला, शेजाऱ्याने तो पोहोचविला. यांपैकी एक जरी नसते तरी वहिनींच्या औषधाचे काय झाले असते, हा विचार आजही आम्हांस रात्री अस्वस्थ करतो.

वहिनी सुखरूप आहेत. आज येथे येताना त्यांनी आम्हांस दारातच थांबवून विचारले, "भाऊजी, मुलाचा नंबर सांगा पाहू." आम्ही दहाही आकडे न अडखळता म्हणून दाखविले, तेव्हा कोठे आम्हांस निघण्याची परवानगी मिळाली. आपणही आज घरी गेल्यावर एकमेकांची अशीच परीक्षा घ्यावी.